गांधीजींचा सत्याग्रही नेमबाजांच्या संघटनेचा पहिला अध्यक्ष झाला, गोष्ट 'जीव्हीएम'वाल्या दादासाहेब मावळंकरांची

अंबरनाथ-बदलापूरकडचा एखादा मुलगा नेमबाजी शिकायला लागला, की वर्षभरात त्याच्या तोंडी एक शब्द बसतो. जीव्हीएम. राज्य आणि विभागाच्या स्पर्धांमधून पुढे गेलं की जीव्हीएम खेळायची, तिथं स्कोअर बसला की नॅशनल्सचं दार उघडतं. घरी आई-वडीलही बोलताना जीव्हीएमच म्हणतात. पूर्ण नाव फक्त सर्टिफिकेटवर दिसतं: ऑल इंडिया जी. व्ही. मावळंकर शूटिंग चॅम्पियनशिप.

मावळंकर म्हणजे कुणी जुना नेमबाज असेल, लष्करातला मोठा अधिकारी असेल किंवा शिकारीचा शौक असलेला संस्थानिक असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण गणेश वासुदेव मावळंकर यातलं काहीच नव्हते. ते अहमदाबादचे वकील होते. सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. स्वतंत्र भारताच्या लोकसभेचे ते पहिले अध्यक्ष. आणि १९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्षही तेच होते.

अहिंसेच्या चळवळीतला माणूस बंदुकीच्या खेळाच्या संघटनेवर कसा काय? हे समजून घ्यायचं तर त्यांच्या आयुष्यासोबत आणखी एका छोट्या वस्तूकडे बघावं लागतं. ती वस्तू म्हणजे काडतूस.

मावळंगे ते अहमदाबाद

मावळंकरांचं मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातल्या संगमेश्वर तालुक्यातलं मावळंगे. आडनाव त्यावरूनच आलं. जन्म मात्र बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८. पोट भरायला कोकणातून निघून बडोदा, अहमदाबादकडे गेलेली मराठी घरं त्या काळात बरीच होती, त्यातलंच हे एक. सुरुवातीचं काही शिक्षण राजापूरला झालं. १९०२ मध्ये ते पुढच्या शिक्षणासाठी अहमदाबादला गेले आणि मग कायमचे तिथलेच झाले. १९०८ मध्ये गुजरात कॉलेजातून विज्ञानाची पदवी, मग मुंबईत कायद्याचं शिक्षण, आणि १९१३ पासून अहमदाबादेत वकिली.

वकिली चांगली चालायला लागली, पण अहमदाबादमध्ये तेव्हा वेगळंच वारं होतं. १९१५ मध्ये गांधीजी आफ्रिकेतून येऊन तिथंच राहिले. वल्लभभाई पटेल त्याच शहरात वकिली करत होते. १९१६ मध्ये मावळंकर गुजरात सभेचे सचिव झाले. १९१८ च्या खेडा सत्याग्रहात शेतकऱ्यांच्या बाजूनं उभी राहिली ती हीच सभा. पुढे असहकाराच्या काळात ते गुजरात प्रांतिक काँग्रेसचे सचिव होते. अहमदाबाद नगरपालिकेवर ते १९१९ पासून अनेकदा निवडून आले, तिचे अध्यक्षही झाले. घरची भाषा मराठी, कामाची गुजराती. अहमदाबादनं त्यांना परकं मानलं नाही आणि त्यांनीही गुजरात विद्यासभा, अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी अशा संस्थांमध्ये आयुष्य घातलं. घरात आणि बाहेरही सगळे त्यांना दादासाहेब म्हणायचे.

बंदुकीच्या परवान्याचं राजकारण

आता थोडं मागे जाऊ.

१८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटन यांच्या काळात दोन कायदे आले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि दुसरा शस्त्रांचा. शस्त्र कायद्यानं भारतीयाला परवान्याशिवाय बंदूक बाळगायला बंदी केली. युरोपियनांना मात्र मोकळीक होती. लोकांना खरा राग या भेदभावाचा होता. स्वतःच्याच देशात राहणाऱ्या माणसावर सरकारचा विश्वास नाही, हे या कायद्यानं लेखी सांगून टाकलं होतं.

म्हणूनच या कायद्याला विरोध करणाऱ्यांत गांधीजीही होते. खेडा सत्याग्रहानंतर लगेच, १९१८ च्या उन्हाळ्यात, ते त्याच जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी फिरत होते. त्या वेळच्या पत्रकात त्यांनी शस्त्र कायद्यावर अतिशय कडक शब्दांत टीका केली. जानेवारी १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या तोंडावर, त्यांनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्यासमोर ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यात मिठावरचा कर रद्द करा ही मागणी सगळ्यांना आठवते. स्वसंरक्षणासाठी बंदुकीचे परवाने द्या आणि त्यावर लोकांचं नियंत्रण असू द्या, ही मागणीसुद्धा त्याच यादीत होती. पुढच्याच वर्षी काँग्रेसनं कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा ठराव केला. त्यात नियमांच्या चौकटीत राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्क मान्य केला होता.

यातला 'नियमांच्या चौकटीत' हा भाग महत्त्वाचा. बंदुका सर्रास सगळ्यांना मिळाव्यात, असं कुणी म्हणत नव्हतं. परवाना कुणाला द्यायचा हे साहेबाच्या मर्जीवर नको, नियमावर ठरू दे, एवढंच म्हणणं होतं. मावळंकर त्याच राजकारणात वाढले. १९३० च्या सत्याग्रहात ते होते, नंतरही त्यांना अनेकदा तुरुंगवास झाला. १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात असताना त्यांचा संबंध खून-दरोड्यासारख्या गुन्ह्यांत शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांशी आला. त्या माणसांच्या हकिगती त्यांनी पुढे 'मानवतानां झरणां' या गुजराती पुस्तकात लिहिल्या. हिंसा करून आलेल्या माणसाकडे इतक्या जवळून पाहणारा हा राजकारणी होता.

खुर्चीवरचा माणूस

१९३७ मध्ये प्रांतांच्या निवडणुका झाल्या आणि मावळंकर मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. ठाणे जिल्हा, म्हणजे आजचं अंबरनाथ, बदलापूर आणि तेव्हा अस्तित्वातही नसलेल्या उल्हासनगरची जागा, याच मुंबई प्रांतात मोडायची. जानेवारी १९४६ मध्ये ते दिल्लीत केंद्रीय विधानसभेच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. समोर सर कावसजी जहांगीर. सभागृहात काँग्रेसचं स्पष्ट बहुमत नव्हतं, त्यामुळे लढत घासून झाली आणि ६६ विरुद्ध ६३ मतांनी मावळंकर निवडून आले. फक्त तीन मतं! स्वातंत्र्यानंतर नोव्हेंबर १९४७ मध्ये संविधान सभा कायदेमंडळ म्हणून बसायला लागली, तेव्हाही खुर्ची त्यांच्याकडेच आली.

मे १९५२ मध्ये पहिल्या लोकसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली, तेव्हा त्यांच्याविरुद्ध उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे. म्हणजे लोकसभेच्या पहिल्या अध्यक्षपदाची लढत दोन मराठी माणसांत झाली, हे आपल्याकडेही फारसं कुणाला आठवत नाही. मावळंकर ३९४ विरुद्ध ५५ मतांनी जिंकले.

लोकसभा कशी चालवायची याचं तयार पुस्तक तेव्हा नव्हतं. ब्रिटिश संसदेचे दाखले होते, पण आपल्याकडची परिस्थिती वेगळी होती. मावळंकरांनी एकेक रीत पाडली. अंदाज समिती, सरकारनं सभागृहात दिलेल्या आश्वासनांचा पाठपुरावा करणारी समिती, कामकाजाचं वेळापत्रक ठरवणारी समिती, या सगळ्या त्यांच्या काळातल्या. सरकार उठसूट अध्यादेश काढतं हे त्यांना पटत नव्हतं, आणि त्यांनी ते नेहरूंना लेखी कळवलं होतं. त्यांच्यावर टीकाही झाली. डिसेंबर १९५४ मध्ये विरोधकांनी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आणला. असा ठराव लोकसभेत पहिल्यांदाच येत होता. चर्चा झाली आणि ठराव पडला.

१९५१: वेळ अजिबात बरी नव्हती

या सगळ्या धामधुमीत, १९५१ च्या एप्रिलमध्ये, नॅशनल रायफल असोसिएशन स्थापन झाली.

तो काळ डोळ्यांसमोर आणा. फाळणीच्या हिंसाचाराला चार वर्षंही पूर्ण झाली नव्हती. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबं राहत होती. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण लोकांच्या बोलण्यात ते कॅम्पच राहिलं, आजही आहे. आणि खुद्द गांधीजींचा पिस्तुलाच्या गोळ्यांनी खून झाला, त्याला तीनच वर्षं झाली होती. अशा वेळी बंदूक आणि पिस्तुलाच्या खेळासाठी देशपातळीवर संघटना काढायची म्हणजे सरकारला आणि लोकांना पटवणं किती अवघड असेल, याचा अंदाज येतो.

शिवाय हातात कायदा होता तो १८७८ चाच! स्वातंत्र्य मिळालं तरी लिटनचा शस्त्र कायदा तसाच चालू होता.

इथे काडतूस मध्ये येतं.

काडतुसात चार गोष्टी असतात. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी बसवलेली छोटी टोपी म्हणजे प्राइमर, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की टोपीवर टोला बसतो, ठिणगी पडते, दारू पेटते आणि वायूच्या दाबानं गोळी सुटते. त्या दाबानं पितळ क्षणभर फुगतं, नळीच्या मागच्या भिंतीला घट्ट चिकटतं आणि पुन्हा थोडं आकसतं. म्हणूनच रिकामी पुंगळी सहज बाहेर येते. पितळच का वापरतात, त्याचं उत्तर या फुगण्या-आकसण्यात आहे.

गोळी गेली, दारू जळली, टोपी वापरून झाली. पण पुंगळी शिल्लक राहते, आणि काडतुसातला बराच खर्च तिचा असतो. म्हणून अमेरिका-युरोपातले नेमबाज रिकाम्या पुंगळ्या गोळा करून घरी नेतात. साच्यातून दाबून पुंगळी मूळ मापात आणायची, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू मोजून भरायची, गोळी बसवायची. याला रीलोडिंग म्हणतात. पैसे वाचतात हे एक कारण, पण स्पर्धेतल्या पिस्तूलवाल्यांसाठी दुसरं कारण मोठं असतं. दारू ग्रेनमध्ये मोजतात आणि एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम. पिस्तुलाच्या काडतुसात दारू मुळातच थोडी असते, त्यामुळे दर वेळी ती तंतोतंत सारखी पडली तरच प्रत्येक गोळी सारख्या वेगानं जाते. कागदी टार्गेटसाठी जोर कमी आणि हिसका कमी असलेलं काडतूस लागतं, आणि सपाट तोंडाची गोळी लागते. ती कागदाला पंचसारखं गोल, स्वच्छ भोक पाडते आणि गुण मोजताना वाद होत नाहीत. सैन्याच्या काडतुसांची गरज अगदी वेगळी असते.

भारतात मात्र हे घरी बसून करण्यासारखं काम नव्हतं. १८७८ च्या कायद्यात 'दारूगोळा' या शब्दाची व्याख्या इतकी रुंद होती की टोप्या, काडतुसाचे सगळे भाग आणि काडतूस बनवायची यंत्रंसुद्धा तिच्यात बसायची. वगळलं होतं ते फक्त शिसं, गंधक आणि सोरा. म्हणजे पुंगळी दाबायचं साधं हातयंत्रसुद्धा कायद्याच्या भाषेत दारूगोळाच! परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं हा तेव्हा गुन्हा होता आणि आजच्या कायद्यातही आहे. त्यामुळे यूट्यूबवर परदेशातले रीलोडिंगचे व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करायला जाऊ नका. स्फोटाचा धोका आहेच, वर थेट शस्त्र कायद्याचं कलम लागतं.

मग स्पर्धेचं काडतूस यायचं कुठून? देशात काडतुसं बनत होती, पण ती लष्करासाठी. पुण्याजवळच्या खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकात अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली. पितळाची छोटी वाटी दाबत, ओढत लांब करत गेलं की तिची पुंगळी होते. या वाट्या, म्हणजे पितळी कप, आणि पुंगळ्यांचं काम हे अंबरनाथच्या कारखान्याचं मुख्य काम राहिलं आहे. म्हणजे एका स्टेशनावर निर्वासितांचं शहर वसत होतं आणि पुढच्याच गावात काडतुसाचं पितळ घडत होतं. खेळाडूला हवं तसं, दर वेळी अगदी सारखं उडणारं काडतूस मात्र परदेशातून मागवावं लागायचं. त्या काळात परदेशातून काहीही मागवायचं तर आयात परवाना, वर शस्त्राचा परवाना. एकट्या माणसानं हे कसं निभवायचं?

हे काम संघटनाच करू शकत होती. सरकारला नागरिकांच्या हातात काडतुसं देताना भीती वाटते ती हिशोब लागणार नाही याची. संघटना म्हटली की सभासदांची यादी आली, रेंज आली, किती काडतुसं आली आणि किती उडाली याची नोंद आली. नेमबाजांना एक सरकारमान्य दार मिळालं आणि सरकारला जबाब विचारायला एक पत्ता. त्या दारावर संस्थानिक किंवा जनरलपेक्षा लोकसभेच्या अध्यक्षाचं, तेही गांधीवादी अध्यक्षाचं नाव असण्याचा फायदा वेगळा सांगायला नको. बंदूक म्हटलं की येणारा संशय या नावामुळे निम्मा झाला असणार.

पुढच्याच वर्षी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये हरिहर बॅनर्जी आणि सौरेन चौधरी हे भारताचे नेमबाज उतरले. त्याच वर्षी निवडून आलेल्या लोकसभेत बिकानेरहून आलेले एक तरुण अपक्ष खासदार होते, महाराजा करणी सिंह. सभागृहात बोलायचं तर मावळंकरांकडे बघून परवानगी मागायची, हे त्यांनाही चुकलं नसेल. पुढे हेच करणी सिंह पाच ऑलिंपिक खेळले आणि १९६२ च्या जागतिक स्पर्धेत त्यांनी ट्रॅप प्रकारात रौप्यपदक जिंकलं.

बारीक अक्षरातले नियम

मावळंकरांनी लोकसभेत केलेलं एक काम नेमबाजांच्या फारसं लक्षात येत नाही. संसद कायदा करते, पण त्याखालचे बारीक नियम सरकार स्वतः करतं. किती काडतुसं, कुठला फॉर्म, किती मुदत, हे सगळं कायद्यात नसतं, नियमांत असतं. सामान्य माणसाला अडवतं ते हेच बारीक अक्षर. सरकार हे नियम करताना संसदेनं दिलेल्या अधिकाराच्या बाहेर जात नाही ना, हे तपासणारी समिती लोकसभेत १९५३ मध्ये मावळंकरांच्या काळात सुरू झाली.

आज नेमबाजाच्या परवान्यावर वर्षाला किती काडतुसं घेता येतील याचा आकडा असतो. तो आकडा शस्त्र कायद्यात सापडत नाही. तो येतो शस्त्र नियमांतून आणि गृह मंत्रालयाच्या अधिसूचनांतून. १९२४ चे नियम गेले, १९६२ चे आले, आता २०१६ चे आहेत. खेळाडू कोणत्या पातळीचा आहे, त्याप्रमाणे हा आकडा बदलतो. नवशिक्याला कमी, नावाजलेल्याला जास्त. नावाजलेला व्हायचं तर सराव हवा आणि सरावाला काडतुसं हवीत, हे कोडं अजूनही पूर्ण सुटलेलं नाही. ज्यांच्याकडे पैसा आणि ओळख दोन्ही नाही, त्यांना ते जास्त बोचतं.

अंबरनाथ-बदलापूरची बहुतेक मुलं एअर रायफल किंवा एअर पिस्तूलनं सुरुवात करतात, याचं एक मोठं कारण हेच. हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीला दारू लागत नाही, ४.५ मिलिमीटरचा शिशाचा छर्रा पुरतो. पुढे पॉइंट २२ कडे गेलं की काडतूस आलंच. पॉइंट २२ ची पुंगळी तर परदेशातही पुन्हा भरत नाहीत, कारण तिला वेगळी टोपी नसते. पेट घेणारं मिश्रण पुंगळीच्या काठातच असतं आणि तो काठ टोल्यानं चेपून जातो. त्यामुळे एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या लॉटची काडतुसं आपल्या रायफलीतून उडवून पाहायची आणि जमलेला लॉट साठवायचा, एवढंच खेळाडूच्या हातात राहतं. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकला, तो याच पॉइंट २२ वर. ५० मीटरवरून मारायचं, आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं १०.४ मिलिमीटरचं.

शेवट अहमदाबादमध्येच

१९५६ च्या सुरुवातीला मावळंकरांना हृदयविकाराचा झटका आला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादमध्ये त्यांचं निधन झालं. ते ६७ वर्षांचे होते आणि लोकसभेचे अध्यक्षपद तेव्हाही त्यांच्याकडेच होतं. रिकाम्या झालेल्या जागेवर त्यांच्या पत्नी सुशीलाबाई बिनविरोध निवडून गेल्या. मुलगा पुरुषोत्तम पुढे अपक्ष खासदार झाला आणि आणीबाणीविरुद्ध लोकसभेत बोलला. दिल्लीत संसदेपासून जवळच्या सभागृहाला मावळंकर हॉल हे नाव मिळालं.

लिटनचा शस्त्र कायदा जाताना मात्र त्यांना पाहता आला नाही. नवा कायदा १९५९ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. १९८३ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन एका माणसाला जास्तीत जास्त तीन बंदुका अशी मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आली. पण मान्यताप्राप्त रायफल क्लब किंवा संघटनेचा सभासद सरावासाठी पॉइंट २२ किंवा एअर रायफल वापरत असेल, तर ही मर्यादा त्याला लागू होत नाही, अशी सूट त्याच कलमात दिलेली आहे.